छातीतलं पाणी, पोटातली गळती

छातीत पाणी झालं म्हटलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो टीबी. आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. क्षयाचा इतका मोठा भार असलेल्या देशात एखाद्याला ताप, कोरडा खोकला, श्वास घेताना एका बाजूला कळ आणि एक्स-रेमध्ये खालच्या भागात पांढरी सावली दिसली, तर डॉक्टरांनी आधी क्षयाचा विचार करणं हा शहाणपणाच आहे. सुईने पाणी काढतात. ते पिवळसर, स्वच्छ असतं. तपासणीत लिम्फोसाइट पेशी जास्त सापडतात, एडीए हे विकर वाढलेलं येतं. सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो, काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक परत येते, पाणी जिरतं. असे हजारो लोक आपल्या सरकारी दवाखान्यांतून बरे होऊन घरी जातात.

हे प्रकरण आहे ते ज्यांचं पाणी जिरत नाही त्यांच्याबद्दल.

वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षं छापून येत आहेत आणि त्या एकापाठोपाठ एक वाचल्या की एक ओळखीचा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. बहुधा पुरुष, चाळिशीच्या आगेमागे, दारूची जुनी सवय, वर्षभरात उतरलेलं वजन. तो येतो धाप लागते म्हणून. जिना चढवत नाही, रात्री आडवं पडवत नाही. छातीतून दीड लिटर पाणी निघतं. ते पिवळं नसतं, तांबूस किंवा काळपट तपकिरी असतं. दोन दिवस मोकळं वाटतं आणि आठवडा उलटायच्या आत छाती पुन्हा भरते. टीबीच्या गोळ्या चालूच असतात. पाणी दुसऱ्यांदा काढलं जातं, तिसऱ्यांदा काढलं जातं. मग कोणीतरी लॅबच्या कागदावर एक शब्द वाढवतं: अमायलेज. रक्तात साधारण १०० युनिटच्या आसपास असणारं हे विकर छातीतल्या त्या पाण्यात हजारोंच्या घरात निघतं, पुष्कळदा १०,००० च्याही वर. अमायलेज पिष्टमय अन्न पचवतं. छातीत त्याचं काही काम नाही. इतक्या प्रमाणात ते तिथे पोहोचलं असेल, तर बहुतेक वेळा स्वादुपिंड फुटून त्याचा रस वर चढलेला असतो.

मोठ्या इमारतीत राहणाऱ्यांना ठाऊक असतं की भिंत एका घरात ओली होते आणि नळ दुसऱ्याच घरात फुटलेला असतो. इथे तर गळती खालच्या मजल्यावर आणि ओल वरच्या मजल्यावर. म्हणून ती सापडायला वेळ लागतो.

स्वादुपिंड हा पोटातला सगळ्यात आडबाजूचा अवयव. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून, तो आडवा पसरलेला असतो. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. त्याचं डोकं उजवीकडे लहान आतड्याच्या वळणात बसलेलं आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेली. मधुमेहामुळे त्याचं इन्सुलिन सगळ्यांना माहीत झालं, पण त्याचा मोठा भाग वेगळंच काम करतो. तो दिवसाला सुमारे दीड लिटर पाचकरस तयार करतो, आणि हा रस ग्रंथीच्या लांबीभर धावणाऱ्या एका मुख्य नलिकेतून आतड्यात उतरतो.

ही नलिका पहिल्यांदा माणसाच्या शरीरात दाखवली ती योहान गेओर्ग विर्झुंग या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने, इटलीतल्या पादुआ शहरात, २ मार्च १६४२ रोजी. फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या शवाचं विच्छेदन चालू होतं. विर्झुंगने जे दिसलं ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतलं आणि त्याचे ठसे युरोपातल्या नामवंतांना पाठवले. पॅरिसच्या ज्याँ रिओलाँ यांना लिहिलेल्या पत्रात त्याने विचारलं की हिला धमनी म्हणावं की शीर? कारण आत रक्त कधीच सापडत नाही, सापडतो तो गढूळ रस, आणि चांदीची सळई आत घातली तर तो तिच्यावर डाग पाडतो. त्यानंतर लवकरच, ऑगस्ट १६४३ मध्ये, विर्झुंगचा पादुआत त्याच्या घराजवळ गोळी घालून खून झाला. नलिकेला आजही त्याचंच नाव आहे. तिच्यातून काय वाहतं हे त्याला कळलं नाही, पण चांदीवरचा तो डाग त्याने नीट पाहिला होता.

तो रस इतका तिखट, तर मग तो छातीत शिरल्यावर फुप्फुस पचवून का टाकत नाही? या प्रश्नाचं उत्तर सुंदर आहे. स्वादुपिंड आपली प्रथिनं तोडणारी विकरं निष्क्रिय रूपात बनवतं. त्यांतलं मुख्य विकर म्हणजे ट्रिप्सिनोजेन. त्याला जागं करणारा पदार्थ आतड्याच्या अस्तरात असतो, आणि ही गोष्ट १८९९ मध्ये रशियात इव्हान पावलोव यांच्या प्रयोगशाळेत उलगडली. आतड्याला वळसा घालून जो रस थेट छातीत जातो, त्यातलं ट्रिप्सिनोजेन बरंचसं झोपलेलंच राहतं. म्हणून फुप्फुस वाचतं. पण त्याभोवतीचं नाजूक दुपदरी आवरण चांगलंच चिडतं. या दोन पदरांमध्ये एरवी जेमतेम चमचा-दोन चमचे द्रव असतो. तिथे आता स्वादुपिंडाचा रस आणि चिडलेल्या आवरणातून पाझरणारं प्रथिनयुक्त पाणी असं दोन्ही साठायला लागतं.

आता हा रस मुळात फुटून बाहेर येतोच कसा, ते पाहू.

स्वादुपिंडाला अचानक सूज येते तेव्हा पोटात असह्य कळ उठते, ती पाठीत शिरते, रुग्ण गुडघे पोटाशी घेऊन बसतो. ही तीव्र सूज. तिच्यातही छातीत थोडं पाणी होतं, बहुतेकदा डाव्या बाजूला, पण ते शेजारच्या सुजेचा पडसाद म्हणून आलेलं असतं आणि सूज उतरली की आपोआप जिरतं. तीव्र आजार फार बळावला तर फुप्फुसाच्या वायुकोशांनाच इजा होते, ऑक्सिजन घसरतो, व्हेंटिलेटर लागतो. त्या आजाराची कथा तासांत आणि दिवसांत घडते. आपला विषय वेगळा आहे. तो वर्षांत घडतो.

जुनाट पॅन्क्रियाटायटिसमध्ये, म्हणजे स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेत, ग्रंथीचा मऊ भाग हळूहळू व्रणासारख्या तंतूंनी भरत जातो. नलिका कुठे आवळते, कुठे फुगते. तिच्यात कॅल्शियमचे खडे धरतात. इंग्लंडमध्ये थॉमस कॉली यांनी १७८८ मध्येच मधुमेहाने गेलेल्या एका माणसाच्या स्वादुपिंडात असे खडे पाहिल्याची नोंद केली होती. कारणांत दारू सर्वांत वर. महाराष्ट्रात पिणारा माणूस ज्या मापात बोलतो त्या मापात सांगायचं तर एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटर व्हिस्कीत किंवा रममध्ये, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. इतकं रोज, वर्षानुवर्षं घेतलं की स्वादुपिंडाचा धोका ठळकपणे वाढतो. तंबाखू ओढणं हे त्याच्या जोडीचं स्वतंत्र कारण आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ग्रंथीत खडे लवकर धरतात. हे पुरेशा ठामपणे सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं, कारण दारू सुटलेला माणूसही विडी निर्धास्तपणे चालू ठेवतो.

पण सगळा दोष दारूवर टाकू नये. भारतात या आजाराच्या रुग्णांचा एक मोठा गट असा आहे की ज्याने आयुष्यात थेंबभरही घेतलेली नसते. केरळमध्ये डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकात शेकडो तरुण रुग्ण अभ्यासले. लहानपणी पोटदुखी, पुढे स्वादुपिंडात मोठाले खडे, मग मधुमेह. आधी संशय टॅपिओकाच्या कंदावर गेला, कारण तो तिथल्या गरिबांच्या रोजच्या जेवणात होता. पण हा आजार टॅपिओका न खाणाऱ्या भागांतही सापडू लागला तशी ती कल्पना मागे पडली. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेसह अनेक ठिकाणच्या संशोधकांना यांपैकी बऱ्याच रुग्णांत स्पिंक-१ या जनुकात बदल आढळले. हे जनुक स्वादुपिंडात चुकून जाग्या झालेल्या ट्रिप्सिनोजेनला, म्हणजे ट्रिप्सिनला, आवर घालणारं प्रथिन बनवतं. म्हणून छातीत वारंवार पाणी होणारी एखादी पंचविशीतली बाई दारू पीत नाही एवढ्यावरून तिचं स्वादुपिंड निर्दोष ठरत नाही.

आवळलेल्या, खड्यांनी तुंबलेल्या नलिकेत मागे दाब वाढतो आणि एखाद्या ठिकाणी ती फुटते. ती पुढच्या बाजूने फुटली तर रस पोटाच्या पोकळीत सांडतो आणि जलोदर होतो. तिथेही यकृताचा आजार समजून चूक होतेच. मागच्या बाजूने फुटली तर रसाला पसरायला मोकळी जागा नसते. तो कण्याला लागून असलेल्या सैल ऊतींतून वाट काढतो. वर श्वासपटल आहे, पण ते अखंड नाही. त्यात महारोहिणीसाठी एक द्वार आहे, अन्ननलिकेसाठी दुसरं. याच द्वारांतून रस छातीच्या मध्यभागी शिरतो आणि तिथून फुप्फुसाच्या आवरणात फुटतो. त्याला वर ओढणारं बळही आहे. पोटातला दाब वातावरणापेक्षा थोडा जास्त असतो आणि फुप्फुसाच्या आवरणातला कमी, श्वास आत घेताना तर आणखी कमी. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक छाती तो रस थोडा थोडा वर खेचत असते. हा मार्ग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे शल्यचिकित्सक जॉन कॅमरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये नीट मांडला. पोटातलं पाणी आणि छातीतलं पाणी ही एकाच अंतर्गत गळतीची दोन रूपं आहेत, हे त्यांनी दाखवलं. शेपूट डावीकडे असल्याने पाणी बहुतेकदा डाव्या बाजूला होतं, कधी उजव्या, कधी दोन्ही.

हे वारंवार घडत नाही. जुनाट पॅन्क्रियाटायटिसच्या १०० रुग्णांत एकापेक्षाही कमी जणांना अशी गळती होते. आणि म्हणूनच ती चुकते. त्यात भर म्हणजे पोट गप्प असतं. पुष्कळ रुग्णांना त्या वेळी पोटदुखी नसतेच, असली तर धापेपुढे ती सांगण्यासारखी वाटत नाही. अनेकांना स्वादुपिंडाचा आजार आहे हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. माणूस छातीच्या डॉक्टरांकडे जातो आणि छातीचे डॉक्टर छाती तपासतात.

यात प्रश्न विचारण्याची पद्धतही आडवी येते. ओपीडीत गर्दी असते, बाजूला बायको उभी असते, मागे भाऊ. डॉक्टर विचारतात, "दारू वगैरे घेता का?" आणि उत्तर येतं, "नाही हो साहेब, कधीतरी." कागदावर ‘कधीतरी’ लिहिलं जातं आणि धागा तुटतो. तोच प्रश्न माणसाला एकट्याला बसवून, शांतपणे, "काका, आधी किती घ्यायचात? रोज क्वार्टर की जास्त? किती वर्षं?" असा विचारला तर उत्तर बदलतं. पुढचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा: "मागे कधी जेवल्यावर पोटात कळ येऊन पाठीत जायची का? त्यासाठी ॲडमिट झाला होतात का?" आणि मग शौचाबद्दल: तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं होतं का? स्वादुपिंड झिजून चरबी पचेनाशी झाली की तसं होतं. आपले लोक हे आपणहून कधीही सांगत नाहीत.

चुकलेल्या निदानाची किंमत काय? पहिली म्हणजे औषधं. टीबीच्या कोर्समधली आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात, आणि वर्षानुवर्षं दारू घेतलेल्या माणसाचं यकृत आधीच थकलेलं असतं. गरज असेल तर हा धोका पत्करावाच लागतो. गरज नसताना पत्करणं वेगळं. दुसरी किंमत म्हणजे कुपोषण. या पाण्यात दर डेसिलिटरला ३ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं असतात. म्हणजे दीड लिटर पाणी काढलं की ४५ ग्रॅमहून अधिक प्रथिनं बाटलीत गेली, एका माणसाच्या दिवसभराच्या गरजेइतकी. आठवड्याला एकदा असं दोन महिने चाललं तर हाडं दिसायला लागतात, आणि तेच पाहून "टीबीच आहे" हा समज घट्ट होतो. तिसरं, वारंवार सुई आणि नळी घातल्याने जंतुसंसर्ग होऊन पू होऊ शकतो. आणि महिनोन् महिने पाण्याखाली दबलेल्या फुप्फुसावर जाड साल चढते, मग पाणी काढलं तरी ते पूर्ण उघडत नाही.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. कुपोषण, मधुमेह आणि दारू ही तिन्ही क्षयाला आमंत्रण देतात. म्हणजे स्वादुपिंडाच्या जुन्या रुग्णाला खरोखरचा टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्तच. दोन्ही एकत्र असू शकतात. म्हणून एकाची चाचणी दुसऱ्याच्या चाचणीची जागा घेत नाही. शिवाय अमायलेज वाढलं की स्वादुपिंडच, असंही नाही. कर्करोगामुळे झालेल्या पाण्यातही ते वाढू शकतं. अन्ननलिका फाटली तर लाळेतलं अमायलेज छातीत उतरतं. पण या कारणांत आकडा सहसा इतका उंच चढत नाही, आणि अन्ननलिका फाटलेला माणूस काही तासांतच गंभीर होतो, तो महिनाभर चालत ओपीडीत येत नाही. थोडंसं वाढलेलं अमायलेज विचारात पाडतं. १०,००० च्या पुढचं अमायलेज डॉक्टरांना पोटाकडे वळवतं. रक्तातलं अमायलेज मात्र फसवं. ते कधी किंचितच वाढलेलं, कधी अगदी सामान्य असतं. म्हणून तपासायचं ते छातीतून काढलेलं पाणी, नुसतं रक्त नव्हे. ही चाचणी साध्या लॅबमध्ये होते, काही शे रुपयांत होते, आणि पाणी तर आधीच बाटलीत काढून ठेवलेलं असतं.

त्यानंतर पोटाचा सीटी स्कॅन आणि एमआरसीपी. एमआरसीपी म्हणजे एमआरआयचाच एक प्रकार, ज्यात नलिकांमधला द्रव पांढरा चमकतो. चांगल्या चित्रात फुटलेली नलिका, तिथून वर जाणारी बारीक पांढरी रेघ आणि छातीतलं तळं हे सगळं एका पानावर दिसतं. विर्झुंगने तांब्यावर कोरलेली नलिका आता रुग्णाला सुई न टोचता पाहता येते.

उपचाराचं सूत्र एकच: रसाला पुन्हा आतड्याची वाट द्यायची. छातीत नळी घालून पाणी काढणं आवश्यक असतं, पण तेवढ्याने भागत नाही. तोंडाने खाणं काही दिवस थांबवून, नाकातून लहान आतड्यात नेलेल्या बारीक नळीने अन्न देतात, म्हणजे स्वादुपिंडाला कमी चेतवणी मिळते. ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं रस कमी करायला मदत करतात. एवढ्यावर बरे होणारे रुग्ण असतात, पण सगळे होत नाहीत, आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहण्यात रुग्ण खंगत जातो. म्हणून अनुभवी केंद्रांत लवकरच ईआरसीपीकडे वळतात. तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेऊन, नलिकेच्या मुखातून आत तार घालून, फुटलेल्या जागेच्या पलीकडे जाईल अशी प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. रस सोप्या वाटेने जातो, भोक कोरडं पडतं, मिटतं. वाटेत खडा असेल तर तो आधी बाहेरून ध्वनिलहरींनी फोडावा लागतो. या लिथोट्रिप्सीचा मोठा अनुभव हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीत जमा झाला आहे. नलिका पूर्ण तुटली असेल, स्टेंट पलीकडे जात नसेल किंवा गळती अगदी शेपटाजवळ असेल, तर शस्त्रक्रिया. शेपूट काढून टाकणं किंवा फुगलेली नलिका लांबीने उघडून आतड्याला जोडणं. ती भीतिदायक वाटते, पण योग्य रुग्णात तिचे परिणाम चांगले असतात आणि ती टाळत राहण्याने नुकसानच होतं.

रस छातीत वेगळ्या वाटांनीही जातो. कधी तो आवरणात न फुटता हृदयाच्या मागे साठून गाठीसारखा फुगा करतो, त्याने घास अडकतो, धाप लागते. कधी हृदयाच्या आवरणात पाणी होतं. फार क्वचित तो थेट श्वासनलिकेत फुटतो आणि माणूस खोकून खोकून गढूळ पाणी बाहेर टाकत राहतो. त्या थुंकीचं अमायलेज तपासलं की उलगडा होतो. लहान मुलांतही छातीतल्या अशा पाण्याची उदाहरणं आहेत, आणि तिथे तर स्वादुपिंड कोणाच्या मनातच येत नाही. मुलाला वारंवार पोटदुखी होत असेल आणि छातीत पाणी झालं असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांना एकाच भेटीत सांगा, एवढं आईवडिलांनी लक्षात ठेवावं.

स्टेंट बसल्यावर छातीच्या नळीतून येणारं पाणी बहुधा काही दिवसांतच ओसरतं. नळी निघते, माणूस चालायला लागतो, घरी जाण्याची घाई करतो. पण स्टेंट कायमची नसते. ती तुंबते, ठरावीक काळाने बदलावी किंवा काढावी लागते, आणि ती तारीख चुकवली तर दुखणं परत येतं. जेवणाबरोबर विकरांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात, पहिल्या घासापासून, जेवण संपल्यावर नव्हे. रक्तातली साखर दर काही महिन्यांनी बघावी लागते, कारण ग्रंथी झिजली की मधुमेह येऊ शकतो. दारू आणि विडी दोन्ही बंद. आणि पुन्हा कधी धाप लागली, तर नव्या डॉक्टरांपुढे जुना एमआरसीपीचा रिपोर्ट आणि छातीतल्या पाण्याच्या अमायलेजचा कागद आधी ठेवावा, मग छातीचा एक्स-रे.